तुम्ही कुठे उभे होतात?

८ नोव्हेंबर

आबा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या डावा गुडघा वाकत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच घ्या.

पत्र बघून चमकला असाल. काय करणार? फोन केला की तुम्ही "हं, आईला देतो" म्हणता आणि खरंच देता. मी घर सोडलं तेव्हापासून आपलं बोलणं एवढंच. पत्र मात्र आईला देऊन सुटका नाही, कारण पाकिटावर तुमचं नाव आहे आणि दुसऱ्याच्या नावाचं पाकीट ती फोडत नाही. शिवाय कारखान्याच्या हजेरीखात्यात जन्म घालवलेला माणूस समोर आलेला कागद न वाचता बाजूला सारेल, हे मला पटत नाही.

गुडघा मुरगळलाय असं मी आईला सांगितलंय. तो मुरगळलेला नाही. आतली दोरी तुटली होती, ती डॉक्टरांनी शिवली. हा हंगाम गेला. तिला सांगू नका. ताईलाही नको, ती आईला सांगेल.

आता गंमत ऐका. संघात जागा नाही म्हणून मी सामने गॅलरीत बसून बघतो. इतकी वर्षं खेळलो, पण वरून अख्खा सामना बघायची वेळ कधी आली नव्हती. शेजारी आमचा कपडेवाला बसतो. जर्सी धुण्यापासून बुटांचे खिळे बदलण्यापर्यंत सगळं तोच बघतो. परवा त्याने मला कोपर मारलं. "अरे, गोल झाला आपला! कुठे बघतोयस?"

मी रेफरीकडे बघत होतो.

मुद्दाम नाही, पण नजर तिथेच जाते. तो एवढा पळतो, पण बॉलच्या दिशेने नाही. बॉलला वळसा घालून पळतो. मध्येच खेळाकडे तोंड ठेवून उलटा पळतो. दोन माणसं अंगाला अंग लावून भिडली की त्यांच्या मागे न जाता बाजूला सरकतो, दाराच्या फटीतून डोकावल्यासारखा. हे कुणी शिकवतं का? की अंगवळणी पडतं? तुम्ही रेफरी असायचात तेव्हा, बॉल कोपऱ्यात गेला की कुठे उभे राहायचात? लहानपणी तुमची शिट्टी गळ्यात घालून गल्लीभर मिरवलो, पण हे विचारायचं कधी सुचलं नाही.

उत्तर द्या. निदान याचं.

तुमचा,
सध्या एका पायावरचा


१ डिसेंबर

आबा,

उत्तर नाही. पत्र पोचल्याचं मात्र कळलं. आई म्हणाली, "चष्मा लावून दोनदा वाचत होते. काय लिहिलंस रे एवढं?" मी म्हटलं, हवापाणी.

तर हवापाणीच लिहितो. हा माझा सातवा क्लब. दर ठिकाणी एक खोली मिळते, आणि तिच्यात आधीच्या खेळाडूचं काहीतरी राहिलेलं असतं. ते शोधायचा मला नाद लागलाय. एका खोलीत दाराच्या चौकटीवर पेन्सिलने आखलेली कुणाच्यातरी लेकराची उंची होती, तीन रेघा, म्हणजे तो बराच टिकला असणार. इथे कपाटात बुटांचा जुना जोड सापडला. उजव्या बुटाचा तळ पार गेलेला, डावा जवळजवळ नवा. माणूस न बघता मला कळलं, याला डाव्या पायाने खेळायला लावलं की अडला. माझ्यामागे काय राहत असेल? बहुतेक रबर. प्लास्टिकच्या गवतात जे काळे दाणे घालतात ते बुटातून खोलीत येतात, खोलीतून अंथरुणात. मी निघून गेल्यावरही पुढच्याला वर्षभर टोचत असतील.

भाषांचंही तसंच. दर देशात मी सगळ्यात आधी "मागे माणूस आहे!" शिकतो. मग "वेळ आहे", "सोड", "परत दे". मिठाला काय म्हणतात ते महिन्याने कळतं. तोवर अळणी.

आता खरं कशासाठी लिहायला बसलो ते. आमचा गोलकीपर माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. त्याला सगळे लांबड्या म्हणतात. परवा आम्ही दोघं स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. तो म्हणाला, "तू बरा खेळतोस. मग असा एकेका वर्षाच्या करारावर गावोगाव का फिरतोस?"

मी त्याला निवडीच्या सामन्याची गोष्ट सांगितली. तुम्हाला पाठ आहे, पण मी सांगतो तशी कधी ऐकली नसेल. नेमलेला रेफरी आलाच नाही आणि कमिटीने ऐनवेळी तुमच्या हातात शिट्टी दिली. निवडसमिती पाण्याच्या टाकीखाली सावलीत खुर्च्या टाकून बसलेली. पहिलं पिवळं कार्ड मला मिळालं ते "आबा, डोळे कुठे आहेत?" असं ओरडल्याबद्दल. अख्खं मैदान हसलं. ते कार्ड मला मान्य आहे. घरी मी असं बोललो असतो तर कार्डावर भागलंही नसतं.

दुसरं मान्य नाही. त्यांचा तो पिवळ्या जर्सीतला बाजूने सुटला, मी घसरत गेलो, उजवा पाय टाकला, बॉल काढला. आधी बॉल, मग माणूस. बॉल रेषेबाहेर गेला, तो पडला, शिट्टी वाजली. दुसरं पिवळं, मग लाल. तो पठ्ठ्या उठला आणि फ्री किक त्यानेच मारली! मी बाहेर बसलो. मध्यंतराला समितीने वही मिटली. मोठ्या संघाचं दार तिथे बंद झालं, आणि मी जिथे कुणी घेईल तिथे खेळायला निघालो.

ही गोष्ट मी सात क्लबांत सांगितली आहे. सगळे म्हणतात, "बापाने?" आणि च् च् करतात. लांबड्याने च् केलं नाही. सुरी थांबवून म्हणाला, "तुझा बाप कुठे उभा होता?"

मी चिरलेली भाजी कढईत टाकली आणि ढवळायला विसरलो. मला आठवेना. बॉल आठवतो, टाकी आठवते, तुमचा वर गेलेला हात आठवतो. त्या क्षणी तुम्ही कुठे होतात ते आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं.

तर आबा, तुम्ही कुठे उभे होतात?

तुमचा,
भाजी करपवून बसलेला


२० जानेवारी

आबा,

अजून उत्तर नाही. हरकत नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

फिजिओने हळू पळायची परवानगी दिली. लगेच कोचने माझ्या हातात शिट्टी ठेवली. आमच्या आमच्यातच दोन संघ पाडून सराव सामना होता, आणि ऐतखाऊ म्हणून मी एकटाच मोकळा.

पहिल्या दहा मिनिटांत मी काय केलं, सांगू? लांबड्याने बॉल टाकला मधल्या फळीकडे. मी पास येण्याआधी मान वळवून मागे बघितलं, जागा आहे असं दिसलं, दोन पावलं पुढे आलो, बॉल पायावर घेतला, वळलो आणि उजव्या बाजूच्या पोराला इतका सुरेख पास दिला की तो थेट गोलसमोर एकटा! त्याने गोल केला. मी हात वर करून आनंदाने ओरडलो. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडात शिट्टी आहे.

सगळे जमिनीवर लोळून हसत होते. कोचने विचारलं, "गोल द्यायचा की नाही, रेफरीसाहेब?" मला नियमच ठाऊक नव्हता. चौतीस वर्षांचा झालो, यावरच जेवलो, आणि नियम ठाऊक नाही!

नंतर खोलीवर बसून विचार करत राहिलो. मधल्या फळीतल्या माणसाचं सगळं काम म्हणजे बॉल कुठे येणार ते आधी ओळखायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. रेफरीनेही बॉल कुठे येणार ते आधीच ओळखायचं, आणि नेमकं तिथे उभं राहायचं नाही. म्हणजे अर्धं काम मला येतंच. पुढच्या वेळी मी स्वतःला तिथून हुसकत राहिलो. जमत गेलं. आणि मजा आली, आबा. इतक्या वर्षांत सरावाला एवढी मजा आली नव्हती.

एक मात्र वाईट झालं. एकदा मी दोघांच्या पाठीमागे अडकलो. पुढच्याची अख्खी पाठ मध्ये. कुणाचा पाय कुणाला लागला, काही दिसेना. एक पडला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी शिट्टी वाजवली. अंदाजाने. जो पडला तोच मग हसत म्हणाला, "अरे, मी आपणच घसरलो."

सराव संपल्यावर मी त्या जागी परत गेलो, कुठून दिसलं असतं ते बघायला. सरावच होता, पण गेलो.

तुमचं कधी असं झालं होतं का?


११ मार्च

आबा,

मी रेफरीच्या वर्गाला जातो आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे कोंबून. शिकवणाऱ्या बाई स्वतः रेफरी होत्या. दिवसा त्या मोटार चालवायला शिकवतात, त्यामुळे वर्गातही त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत असतो.

पहिल्याच दिवशी त्यांचं माझं वाजलं. त्यांनी विचारलं, घसरत जाऊन बॉल काढला आणि मग माणूस पडला, तर काय? मी म्हटलं, "बॉल आधी लागला ना, मग संपलं." त्या म्हणाल्या, "खेळाडू आहात वाटतं." सगळे हसले. मग नियमांचं पुस्तक माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ते वाक्य यात दाखवा, मी वर्ग बंद करते."

आबा, मी ते पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे वाचलं. नाही ते वाक्य. कुठेच नाही. तुम्ही कसे गेलात, किती बेपर्वाईने गेलात, समोरच्याचं काय झालं, हे सगळं आहे. "बॉल आधी लागला" याला पुस्तकात कुणी विचारत नाही. मी इतकी वर्षं हेच घोकत होतो आणि ते कामाचं नव्हतं! कुणीतरी खाडकन तोंडात मारावी तसं वाटलं. आणि खरं सांगू, त्याबरोबर हसूही आलं.

परवा त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. एकजण घसरत जातो, बॉल स्वच्छ काढतो, समोरचा पडतो. "कुठल्या पायाने पाडलं?" बाईंनी विचारलं. आम्ही सगळे म्हणालो, बॉल काढला त्याच पायाने. त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला आणि बॉलवर हाताने कागद धरला. तेव्हा दिसलं. पाडलं होतं दुसऱ्या पायाने, मागून ओढत येणाऱ्या. बॉल डोळ्यांसमोर असेपर्यंत तो पाय एकालाही दिसला नव्हता. काय विलक्षण आहे, नाही? मी घरी येऊन लांबड्यालाही दाखवलं. त्यालाही पहिल्यांदा दिसला नाही.

आई म्हणते, माझं पत्र आलं की तुम्ही जेवण लांबवता. मग लिहा ना हो काहीतरी.


२४ एप्रिल

आबा,

क्लबने करार वाढवला नाही. कोचने बोलावलं, चहा दिला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्याची एवढी प्रेमाने चौकशी झाली की ओळखावं. कपडेवाल्याने माझ्या जर्सीची घडी घालून पिशवीत दिली आणि माझ्या बुटांचे खिळे शेवटचे बदलून दिले.

दुसऱ्या एका क्लबचा निरोप आहे. एक पायरी खाली, एक देश पलीकडे, एकच वर्ष. हो म्हटलं तर आठवी खोली. दुसरीकडे बाई म्हणतात, मे महिन्याच्या अखेरीस परीक्षेला बस. "तुला दिसतं," म्हणाल्या. "पळायचं कसं ते मी शिकवीन."

मला बसायचंय. खेळताना शेवटी शेवटी जी भूक मेली होती ती या कामात परत लागली आहे. पण एक गोष्ट अडते आणि ती तुमच्याजवळ आहे.

बॉल आधी लागला की नाही हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला. दुसरा राहिला. मी तो प्रसंग मनात हजारदा लावून बघितला, आता रेफरीच्या जागेवरून. रेफरीच्या नेहमीच्या जागी असाल तर तुम्ही माझ्या पाठीमागे होतात. माझ्या पाठीमागून तुम्हाला काही दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे तुम्ही कार्ड अंदाजाने दिलंत. मी सरावात शिट्टी वाजवली तशी. की त्याहून वाईट? टाकीखालच्या माणसांना दाखवायचं होतं का, की बघा, हा पोटच्या पोरालाही सोडत नाही?

रागावलात तर रागवा. हे मला भांडायला नकोय, मला कळायला हवंय. तुमच्याइतका काटेकोर माणूस मी बघितलेला नाही. कारखान्यात गेटवर तुम्ही मामांचा उशीरसुद्धा उशीर म्हणून मांडलात. अशा माणसाला त्या दिवशी न बघता कार्ड काढावं लागलं असेल, तर ते काम माणसाकडून काहीही करवून घेतं, आणि मला ती शिट्टी नको. मी बॅग भरतो.

या वेळी वाट बघेन. तुम्ही कुठे उभे होतात?


१३ मे

चि. एका पायावरच्यास आशीर्वाद. आता दोन्हींवर आला असशील.

गुडघ्याचं तुझ्या आईला कळलं आहे. मी सांगितलं नाही. ती दुसऱ्याचं पाकीट फोडत नाही हे खरं, पण मी वाचून टेबलावर ठेवलेलं पत्र वाचायला पाकीट फोडावं लागत नाही. फोन करशील तेव्हा शिव्या खायची तयारी ठेव.

उत्तराला उशीर झाला. दर पत्राला लिहायला बसत होतो, आणि दर वेळी ते कारखान्याच्या मेमोसारखं होत होतं. हेही तसंच झालं तर चालवून घे.

मी तुझ्या पाठीमागे नव्हतो. तुमच्या बाजूने तो पोरगा दोनदा सुटला होता, तिसऱ्यांदा तिथूनच सुटणार हे दिसत होतं. म्हणून मी आधीच रेषेकडे सरकलो, टाकीच्या अंगाला. आपल्या पुढच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं तुमच्यात आणि माझ्यात. मध्ये कुणी नाही. ऊन माझ्या पाठीला.

तुझा उजवा पाय बॉलला आधी लागला. मला स्वच्छ दिसलं. सुंदर काढलास. बॉल गेल्यावर तुझा डावा पाय मागून ओढत आला आणि त्याचे दोन्ही घोटे कात्रीत सापडल्यासारखे सापडले. मी शिट्टी दिली ती डाव्या पायाची. तू कायम उजव्याची गोष्ट सांगतोस. बाईंच्या व्हिडिओतला दुसरा पाय तू पत्रात बरोबर लिहिलास. मी पान उलटलं. वाटलं, आता पुढे तुझा डावा येईल. आला नाही.

तुला तो दिसला नसणार. तुझी नजर बॉलवर होती आणि ती तिथेच असायला हवी होती. तुझ्या वतीने बघायचं काम माझं होतं.

घर सोडेपर्यंत तू मला तेच सांगत राहिलास. तुझ्या आईने सुनावलं, ताईने सुनावलं, दूधवाल्यानेही सुनावलं. विचारलं कुणी नाही. न विचारता सांगायला गेलो असतो तर ती सफाई झाली असती, आणि मैदानात सफाई द्यायची नसते. घरात द्यायला हवी होती. घर आणि मैदान यांत मी फरक केला नाही, ते माझं चुकलं. फोन हातात आला की तू पुन्हा तेच सांगशील अशी धास्ती वाटायची. म्हणून आईला देत होतो.

टाकीखालच्यांना दाखवायचं होतं का, म्हणून तू विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथे थांबला. तो थांबला तेव्हा मात्र ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मागे तुझं सगळं पुढचं आयुष्यही आलं. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर हात थांबला नसता. म्हणून कार्ड काढलं. त्या दिवशी जेवलो नाही, हे तुझ्या आईला विचार.

आता माझा एक प्रश्न. ताई तिच्या फोनवर तुझे सामने लावून देते. सगळे बघितलेत. पास येण्याआधी तू मान वळवून मागे बघतोस, एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा बघतोस ते मला समजतं. दुसऱ्यांदा काय बघतोस? मी पुष्कळ विचार केला, ताईलाही विचारलं, उलगडा होत नाही. कागदावर लिही. फोनवर मला सुचायला वेळ लागतो.

परीक्षेला बस. पहिला सामना असेल तो कुणालातरी फोनवर शूट करायला सांग, गॅलरीतून, बॉलच्या मागे कॅमेरा न फिरवता. मला तू दिसायला हवास. एखादी शिट्टी चुकली असं वाटलं तरी मी ओरडणार नाही. तू कुठे उभा होतास, एवढंच विचारीन.

आबा